न बसण्याची शपथ

मी आयुष्यात एकदाच दारू सोडली, आणि तीही न पिता.

सोडताना सासू, सासरे, आई, बायको, एक सोललेला नारळ आणि सावनेरचे दशरथकाका एवढे साक्षीला होते, त्यामुळे माघार घ्यायची सोय नाही. आणि हे सगळं झालं साहित्याच्या सेवेपायी! (हसू नका. मीही हसलो नव्हतो.)

हिंगण्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. नट, बोल्ट, बेअरिंग, ग्रीसचे डबे. कंपनीची बस पावणेआठला कोपऱ्यावरून उचलते आणि संध्याकाळी साडेसहाला तिथेच आणून टाकते. हो, टाकतेच, उतरण्याइतकी ताकद माझ्यात उरलेली नसते. त्यानंतर दळण, भाजी, आईच्या गोळ्या आणि कूलर. नागपूरच्या उन्हाळ्यात घरच्या कर्त्या पुरुषाने कूलरमध्ये पाणी भरायचं असतं, बाकीचं कर्तृत्व त्याने पावसाळ्यात दाखवावं. माझे तर पावसाळेही असेच गेले.

पण तरुणपणी माझ्या चार कथा छापून आल्या होत्या बरं का! मग लग्न झालं, नोकरी लागली, कूलर घेतला. कथा राहिल्या. आणि यंदा मे महिन्यात, ध्यानीमनी नसताना, एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन. "तुमची ती विहिरीवरची गोष्ट अजून आठवते हो. यंदा आम्हाला एक द्या ना. जूनअखेर चालेल."

चोवीस वर्षांत मला कोणी कथा मागितली नव्हती. गॅसवाल्याने रिकामं सिलेंडर मागितलं, सोसायटीने पार्किंगची जागा मागितली, पण कथा नाही. फोन ठेवून मी न्हाणीघरात गेलो आणि तोंड धुतलं. पन्नाशीच्या माणसाने बायकोसमोर डोळे पुसणं बरं दिसत नाही.

"काय झालं?" वंदनाने दारावर थाप मारली.

"काही नाही. साबण गेला डोळ्यात."

"मंग निघताना बादली भरून ठेवा."

आता कथा लिहायची तर प्रेरणा हवी. ती कुठे मिळते म्हणून मी एका रविवारी धरमपेठेत नवलेखकांच्या शिबिराला गेलो. (नवलेखकांत सगळ्यात जुना मीच होतो.) तिथे एका बुजुर्ग लेखकाने टेबलावर मूठ आपटून सांगितलं, "प्रेरणा-बिरणा काही नसतं! बसा! रोज बसा! एकाच वेळी, एकाच जागी, दार लावून बसा! आणि कोणाजवळ वाच्यता करू नका. बोभाटा झाला की लिखाण आटतं."

मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि घरी येऊन फर्मान काढलं. "उद्यापासून मी पहाटे पाच ते सात बसणार. रोज दोन पानं झाल्याशिवाय उठणार नाही. आणि ऐका, मी लिहितोय हे बाहेर कोणाला सांगायचं नाही. 'लिहितात' हा शब्दच काढायचा नाही. कोणी विचारलंच तर एवढंच म्हणायचं, बसलेत."

"बसलेत," वंदना म्हणाली.

"बसला हाय," आई म्हणाली.

"बस्स."

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. आमच्या नागपुरात चार पुरुष एकमेकांना "आज बसायचं का गा?" असं विचारतात तेव्हा ते पाटावर बसण्याबद्दल बोलत नसतात, हे काय मला माहीत नव्हतं? कंपनीच्या बसमध्ये दर शनिवारी तोच विषय असतो. पण लेखकाच्या डोक्यात एकदा साहित्य शिरलं की भाषा बाहेर पडते, त्याला काय करणार!

बसायला जागा मिळाली स्टोअर रूममध्ये. म्हणजे दिवसा कंपनीचं स्टोअर आणि पहाटे घरचं. एका बाजूला गव्हाची कोठी, दुसऱ्या बाजूला कूलरचं जुनं गवत, डोक्यावर पापडाचे डबे, मध्ये मी आणि प्लास्टिकची खुर्ची. वही कोठीत गव्हावर ठेवायची, कारण बाहेर ठेवली की वंदना मागच्या पानावर किराण्याची यादी करते. शाईचा पेन घेतला, शाईची बाटली घेतली, तीही गव्हात खुपसून ठेवायची. बुजुर्ग म्हणाले होते, शाईने शब्द जपून येतात.

इतके जपून आले, की आलेच नाहीत.

माझा नायक पहिल्या दिवशी समुद्राकाठी उभा राहिला. समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिलाय, पण साहित्यात समुद्र असला की वजन येतं असं मला वाटत होतं. तर नायक उभा राहिला आणि त्याने क्षितिजाकडे पाहिलं. एकवीस दिवस तो पाहतच होता! दर पहाटे मी त्याला हलवायला जायचो आणि दार वाजायचं.

"अगा दिलीप, कोठीतून दोन वाटे गहू काढून दे."

"आई, मी बसलोय!"

"मंग बसल्या बसल्याच काढ. कोठी तं तुया बाजूलेच हाय."

ती गेली की वंदना. कुकरची जुनी रिंग इथेच कुठेतरी आहे म्हणून. मग कूलरचा पंप बंद पडला म्हणून. मग दूधवाला आला, पातेलं कुठंय म्हणून. (पातेलं माझ्या पायाखाली होतं. मी पाय वर घेऊन बसायचो, ते त्यावर.) रोजची दोन पानं व्हायची ती कशी, तर एक लिहून फाडायचं आणि दुसरं लिहून खोडायचं. सातला बाहेर पडायचो तेव्हा डोळे लाल, केस उभे, पायाला मुंग्या, धरत धरत चालायचो. जून संपत आला होता. मला भीती वाटायला लागली होती. चोवीस वर्षांनी कोणी मागितलं आणि आपल्यात आता काही उरलेलंच नसलं तर?

अशा एका पहाटे सावनेरहून फोन आला. माझी सासू. (आईची विहीणबाई, म्हणजे आमच्याकडची ईनबाई.) वंदना अंघोळीला गेलेली, म्हणून आईने उचलला. हे संभाषण मला पुढे आईनेच ऐकवलं. आपण गुपित कसं राखलं याचा तिला फार अभिमान होता.

"जवाईबापू काय करून राहिले?"

"बसला हाय."

"कुठं बसले?"

"इथंच. मांगच्या खोलीत, दार लावून."

"इतक्या सक्काळी?"

"रोजचंच हाय ईनबाई. पाच वाजले की बसते. तोंड धुणं नाही, अंघोळ नाही, पयले बसते."



"कोणासंगं बसते जी?"

"एकलाच. कोणी संगं असलं की त्याले जमत नाही."

"मायबाई! अन् वंदना काही म्हणत नाही?"

"ते बिचारी काय म्हणन? मीच म्हटलं तिले, बसू दे वं, कोणाले मारत नाही का झोडत नाही. आता चांगलं उतरलं तं खूश असते, नाही उतरलं तं दिवसभर डोकं धरून राहते."

"हो ना, नाही उतरली तं डोकं धरतेच," सासूबाई रडवेल्या झाल्या. "कंपनीत माहीत हाय?"

"छ्या! कोणालेच सांगितलं नाही. तुमी बी कोणाजवळ बोलू नोका."

त्या कोणाजवळ बोलल्या नाहीत. फक्त मामाजींजवळ, म्हणजे माझ्या सासऱ्यांजवळ बोलल्या, आणि मामाजी फक्त दशरथकाकांजवळ.

पुढचा रविवार. मी सातला स्टोअर रूमचं दार उघडलं तर समोर दिवाणावर रांगेने सासरे, सासू आणि एक पांढरा सदरा घातलेले, कपाळाला बुक्का लावलेले गृहस्थ! सावनेरहून पहिली बस पकडून आले होते. पायाला मुंग्या आलेल्या, म्हणून मी भिंत धरत आलो. सासूबाईंनी ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"बसा बसा," मामाजी घाईने म्हणाले. मग स्वतःच दचकले. "म्हणजे, उभे राहिले तरी चालते."

वंदनाने चहा आणला. माझा कप मात्र सासूबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन स्वतः आणला. घोट घेतला तर कडू जहर! पण सासूने दिलेला चहा जावयाने थुंकायचा नसतो, म्हणून गिळला.

मामाजींनी घसा खाकरला. "जवाईबापू, आज किती झाले?"

मला भरून आलं हो! लग्नाला चोवीस वर्षं झाली, या माणसाने माझ्याशी कापसाची पऱ्हाटी आणि पाऊस यापलीकडे विषय काढला नव्हता. आणि आज पानांची चौकशी! घरच्यांनी सांगितलं असणार, पण मी रागावलो नाही.

"आज दीडच झालं मामाजी."

"अन् रोज?"

"दोन तर व्हायलाच पाहिजेत. दोन झाल्याशिवाय उठायचं नाही, असा माझा नियम आहे."

"अरे बाप्पा!" सासूबाई म्हणाल्या.

"एकटेच बसता?"

"हे एकट्यानेच करायचं काम आहे मामाजी. चार लोकांत नाही होत."

"कधीपासून हाय हे?"

"तसं कॉलेजपासूनच. लग्न झालं आणि सुटलं. आता पुन्हा धरलं."

"सुटलं होतं तं मंग काहून धरलं जी?" सासूबाईंचा आवाज फाटला.

"काय करू मामी? आतून येतं. राहवत नाही."

यावर त्या पांढऱ्या सदऱ्याने हळूहळू मान हलवली. "येते. आतूनच येते. मले बी येत होते."

म्हणजे हेही लेखक! मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "काका, तुम्हीसुद्धा?"

"वीस वर्षं."

"आणि आता?"

"सोडली. एका दिवसात सोडली."

"अरेरे! असं कसं केलं? वीस वर्षांची साधना!"

काकांनी मामाजींकडे पाहिलं. 'केस हाताबाहेर गेली आहे' असं त्या नजरेत होतं, पण ते मला आत्ता कळतंय. तेव्हा वाटलं, बिचाऱ्याला जुनी आठवण झाली. हे दशरथकाका. स्वतःची सुटल्यापासून पंचक्रोशीतल्या लोकांची सोडवत फिरतात आणि सोडवलेल्यांची नावं त्यांना तोंडपाठ आहेत. त्यांनी पिशवीतून तुळशीची माळ काढली, सोललेला नारळ काढला, आणि म्हणाले, "ठेवा हात. म्हणा माह्या मांगं. आजपासून मी बसणार नाही."

"काय?"

"आजपासून मी बसणार नाही."

"अहो, पण महिनाअखेर जवळ आली!"

"सगळे असंच म्हणतात. महिनाअखेर झाली की सोडतो, सण झाला की सोडतो. आज म्हणजे आज."

मी मदतीसाठी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "घे बाप्पा शपथ! दोन वाटे गव्हासाठी सकाळपासून हात जोडा लागते मले."

मी वंदनाकडे पाहिलं. ती पदराने कपाळ पुसत दारात उभी होती. तिचा चेहरा माझ्याहून दमलेला होता. "घ्या ना हो," ती म्हणाली. "पाच वाजता तुमचा गजर होते अन् झोप माझी मोडते. एकवीस दिवस झाले. ते खोली मोकळी होईन, तुमची पाठ बी नीट होईन."

म्हणजे दोन्ही घरं एका मताची! आमच्या लग्नातसुद्धा इतकं एकमत नव्हतं.

आता खरं सांगतो. मी भांडू शकलो असतो. संपादक, दिवाळी अंक, चोवीस वर्षं, सगळं सांगू शकलो असतो. पण त्या क्षणी मला एकदम हलकं वाटलं. समुद्राकाठी ताटकळलेला तो माणूस, ते खोडलेलं पान, उद्याचे पाच, परवाचे पाच. आणि समोर एक वडीलधारा माणूस माळ धरून सांगतोय, नको बसूस. मला इतकी सुटका कोणी दिली नव्हती! मी माळेवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "आजपासून मी बसणार नाही!"

काकांनी ओट्याच्या कडेवर नारळ फोडला. सासूबाई आता उघड रडल्या. मामाजींनी डोळे टिपले आणि ते उठले. "आता सामान कुठं हाय ते दाखवा."

"सामान कोठीत. गव्हात."

"गव्हात!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अन्नात!"

मामाजींनी कोठीत कोपरापर्यंत हात घातला, चाचपला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "सापडली! बाटली सापडली!"

बाटली बाहेर आली. मामाजींच्या तळहातात मावेल एवढी. सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"इतकीशी?" सासूबाई.

"लहान बाटलीत जास्त कडक राहते," काका अनुभवाने म्हणाले. त्यांनी बाटली घेऊन बूच काढलं, नाकाजवळ नेली आणि हुंगताना जरा जास्तच वाकडी केली. पांढऱ्या सदऱ्यावर, छातीपासून पोटापर्यंत, निळी धार!

"शाई हाय हे!" काका ओरडले. "जवाईबापू, तुमी शाई पेता?"

आणि तेव्हा, वाचकहो, गेल्या अर्ध्या तासातला एकेक शब्द माझ्या डोक्यात उलटा फिरला. किती झाले. एकटेच बसता. कधीपासून. मी मटकन खाली बसलो. "अहो, बसू नका!" सासूबाई किंचाळल्या.

मग सगळा उलगडा झाला. आई म्हणाली, "मी तं एक शब्द नाही बोलली लिहिण्याचा." वंदना आधी तिच्या आईवर चिडली, मग माझ्यावर, आणि मग ओट्याला टेकून इतकी हसली, इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी कितीतरी महिन्यांनी तिला तशी हसताना पाहिलं.

मामाजींनी मात्र वही उघडली. चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग थेट शेवटचं वाचलं.

"हा माणूस समुद्राजवळ उभा राहून काय करून राहिला?"

"विचार करतोय."

"एकवीस दिवस?"

मी बाटलीला बूच लावलं.

"याच्यासाठी आमी पहिली बस पकडली!" ते थोडा वेळ पानं उलटत राहिले. जावयाला अगदीच दुखवू नये म्हणून बहुधा, म्हणाले, "पण अक्षर मोत्यासारखं हाय तुमचं."

"काका," मी म्हणालो, "आता ही शपथ मागे घ्या. गैरसमज झाला."

दशरथकाका न्हाणीघरात सदरा घासत होते. तिथूनच त्यांनी निकाल दिला. "शपथ मांगं घेता येत नाही. बसत होते का नाही?"

"बसत होतो, पण..."

"आता बसणार नाही ना?"

"नाही, पण..."

"मंग सुटलं! माह्या यादीत हाय तुमचं नाव."

"अन् नारळ बी फुटला," सासूबाई म्हणाल्या. देवाधर्माच्या बाबतीत त्या मामाजींचंही ऐकत नाहीत. "फुटलेला नारळ का जोडता येते जी?"

जोडणं शक्यच नव्हतं. आईने तोवर त्याची चटणी वाटली होती.

दुपारी पाहुणे जेवून परत गेले. सासूबाईंनी माझ्या चहात टाकलेल्या त्या कडू पुडीने दारू हमखास सुटते म्हणतात. सोडायला दारूच नव्हती, तेव्हा माझा चहा सुटला. आणि सावनेरला आता गेलो की लोक रस्त्यात थांबवून पाठ थोपटतात, "चांगलं केलं गा जवाई, सोडली ते!" मी "हो" म्हणतो. शाईचं सांगून कोणाला पटणार?

राहिली कथा. दुसऱ्या दिवशी पाचला गजर झाला नाही, पण डोळे उघडलेच. शपथ न बसण्याची होती, न लिहिण्याची नव्हती. मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो, फ्रिजच्या डोक्यावर ठेवली आणि उभ्या उभ्या लिहायला लागलो. थोड्या वेळाने वंदना उठली. मला वाटलं, आता रिंग, पंप, पातेलं. तिने माझ्याकडे पाहिलं, फ्रिज न उघडता बाजूने हात घालून ओट्यावरचं पातेलं घेतलं, आणि आईला म्हणाली, "गहू मी काढून देईन आई. ते उभे आहेत."

समुद्रकाठचा माणूस मी घरी पाठवला. त्याच्या जागी एका बाईच्या हातात शाईची बाटली दिली आणि मग ती थांबेचना. पाय दुखायचे, पोटऱ्या भरून यायच्या, पण बसायची सोय नसल्याने लवकर उरकणं भाग होतं. जूनच्या शेवटच्या दिवशी कथा पाठवली.

आठवड्याने संपादकांचा फोन आला. मी फ्रिजजवळच होतो. 

"कथा वाचली. छापतोय. चांगली आहे हो."

मी फ्रिजचा दांडा घट्ट धरला.

"फक्त एक सांगू? शेवट अजून नीट बसला नाही."

"बसणार नाही साहेब," मी म्हणालो. "नारळ फुटलाय."